डागाच्या तांब्यापासून सोल्डरिंग स्टेशनपर्यंत : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील एका हत्याराचा इतिहास

दोन धातू स्वतः न वितळता तिसऱ्या, लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधणे म्हणजे डाग देणे; कारखान्यात यालाच सोल्डर मारणे म्हणतात. या कामाचे हत्यार म्हणजे सोल्डरिंग आयर्न; ते दिसायला साधे असते. मूठ, तापणारा भाग आणि पुढे तांब्याचे टोक, एवढाच त्याचा संसार. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गेल्या सहा-सात दशकांत जे जे तयार झाले, व्हॉल्व्हचा रेडिओ असो, कारखान्यातला टायमर असो की मोटारसायकलचा इंजिन-कंट्रोलर, त्या प्रत्येकाने या हत्याराकडून काहीतरी नवे मागितले. टोक किती तापते, एवढ्यावर आयर्नची पारख होत नाही. थंड जोडाला टेकल्यावर ते किती तापलेले राहते, यावर होते. ही गोष्ट या पट्ट्यातल्या कामगारांना आणि लघुउद्योजकांना टप्प्याटप्प्याने उमगत गेली. रेल्वेच्या लघुप्रतिकृतींचे इलेक्ट्रॉनिक काम करणाऱ्या छांदिष्टाला आज आयर्न निवडायचे असेल, तर त्याला हाच इतिहास उपयोगी पडतो.

पुण्यात धातू सांधण्याच्या दोन जुन्या वाटा होत्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीची वाट झाळकामाची. हंडे, बंब, घागरी यांचे सांधे पितळी झाळीने आणि टाकणखाराने भट्टीत सांधले जात; त्यासाठी लागणारी उष्णता लाल रसरशीत असे आणि सांधा जवळपास मूळ धातूइतका मजबूत होई. दुसरी वाट पत्र्याचे डबे, कंदील, नरसाळी डागणाऱ्यांची. त्यांचे साहित्य कथील आणि शिसे. कथील एकटे २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते, आणि पातळ-घट्टच्या मधली चिखलासारखी अवस्था न येता एकदम गोठते. कारागीर हे प्रमाण अंदाजाने साधत. पुढे सगळे इलेक्ट्रॉनिक्स ज्या मिश्रधातूवर उभे राहिले तो हाच.

डाग देणाऱ्याचे हत्यार म्हणजे लोखंडी दांडीला बसवलेला, पुढे निमुळता केलेला तांब्याचा जाड ठोकळा. तो शेगडीत ठेवायचा, पण लाल होऊ द्यायचा नाही. निखाऱ्यावरच्या ज्योतीला हिरवी झाक आली की ठोकळा बाहेर काढायचा, टोक नवसागराच्या खड्यावर घासायचे. पांढरा धूर उठतो, काळपट थर निघून जातो आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर कथिलाचा चकचकीत लेप चढतो. मग जोडावर जस्त टाकून मारलेले मिठाचे आम्ल लावायचे आणि ठोकळा सांध्यावरून सावकाश ओढत न्यायचा. ठोकळा निवत गेला की दुसरा घ्यायचा. तोवर पहिला पुन्हा शेगडीत. या पद्धतीत तापमान मोजायला काहीही नव्हते, तरी तिच्यात एक मोठा गुण होता. ठोकळा वजनदार असल्याने त्यात उष्णतेचा साठा भरपूर असे आणि थंड पत्र्याला टेकताच तो गारठत नसे. पुढच्या शंभर वर्षांत आयर्न हलके झाले, विजेवर आले, पेनासारखे धरता येऊ लागले. पण वजनाबरोबर गेलेला हा साठा भरून काढायला अभियंत्यांना बरीच खटपट करावी लागली.

विजेच्या जोडांशी या भागाची पहिली ओळख रेल्वेमुळे झाली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि चिंचवडवरून गाडी धावू लागली. लोहमार्गाच्या सोबतीने तारायंत्र आले, आणि त्याच्या उघड्या तारा जोडण्याची त्या काळची ब्रिटानिया पद्धत अशी : दोन टोके शेजारी-शेजारी ठेवायची, त्यांवर बारीक तार घट्ट गुंडाळायची आणि मग सगळ्यावर डाग द्यायचा. ताण सोसायचा गुंडाळलेल्या तारेने; डागाने फक्त विजेची वाट अखंड राखायची. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन कल्याण ते पुणे विजेच्या इंजिनावर धावली. त्यानंतर सिग्नल, टेलिफोन आणि विजेची सामग्री सांभाळणारा वर्ग या मार्गावर वाढत गेला. आधी पकड, मग सोल्डर, ही शिस्त त्या वर्गाने पाळली. आजही रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्याने ती सोडू नये.

विजेवर तापणारे आयर्न जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी १९२१ साली पेटंट घेऊन कारखानदारीत आणले; त्यांच्या नावावरूनच एर्सा ही कंपनी ओळखली जाते. अभ्रकावर किंवा चिनीमातीवर गुंडाळलेली नायक्रोमची तार, भोवती नळी, पुढे तांब्याची सळई, हा आराखडा इतका टिकला की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या, इलेक्ट्रॉनिक घटक विकणाऱ्या तपकीर गल्लीत आज मिळणारे सर्वांत स्वस्त आयर्नही आतून असेच असते. त्याच्याबरोबर सोल्डरच्या तारेतही बदल झाला. पोकळ तारेच्या आत राळ भरून मिळू लागली. राळ गरम झाली की तांब्यावरचा गंज खाते, थंड झाली की निष्क्रिय होऊन बसते. पत्र्याच्या कामातले जस्ताचे आम्ल तसे नसते. पावसाळ्याची दमट हवा लागली की ते पुन्हा जागे होते आणि बारीक तार महिन्या-दोन महिन्यांत हिरवी पडून तुटते. पत्रे डागायची पेस्ट इलेक्ट्रॉनिक कामाला लावू नये हा नियम त्यामुळेच पक्का झाला. तरीही ‘सोल्डर धरत नाही’ म्हणून ती पेस्ट वापरणारे आजही आढळतात आणि त्यांची कामे पहिल्या पावसाळ्यानंतर परत येतात.

पिंपरीच्या माळावर मोठी कारखानदारी आली ती १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सबरोबर. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या जमिनींवर भूखंड पडले, टेल्को आणि बजाज आले. सोल्डरकामाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे नाव फिलिप्सचे. या कंपनीने भारतात रेडिओ बांधायला १९४८ साली कोलकात्यात सुरुवात केली, १९५९ साली पुण्याजवळ दुसरा रेडिओ कारखाना उभारला आणि १९७० साली पिंपरीत ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कारखाना सुरू केला. शेगडीवरचे तांबे आणि घड्याळाच्या ठोक्यावर चालणारी जुळणीची ओळ यांच्यातले अंतर या काळात एका पिढीने पार केले.

व्हॉल्व्हच्या रेडिओत जोड मोठे असत. पत्र्याच्या चासीवर पट्ट्या, पट्ट्यांना कान, कानांत रेझिस्टर-कंडेन्सरच्या जाड तारा वळवून अडकवलेल्या. चासीला अर्थ जोडायचा तर पत्रा उष्णता शोषून घेई, म्हणून जाड टोकाचे, जास्त वॅटचे आयर्न लागे. पुढे भारतीय बाजारात ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि सगळे उलटे झाले. छापील सर्किटवरचा तांब्याचा पातळ थर बेकेलाइटच्या पाटीला नुसता चिकटवलेला असतो. उष्णता जास्त वेळ राहिली की तो उचलला जातो. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तर तापाला फारच नाजूक. जोड देताना त्यांचा पाय लांब नाकाच्या पक्कडीत धरावा लागे, म्हणजे वर चढणारी उष्णता पक्कड खाऊन टाकी. त्यामुळे जाड कामाला मोठे आयर्न आणि नाजूक कामाला छोटे, अशी वाटणी झाली. ही वाटणी लोकांच्या मनात अजूनही बसली आहे आणि तीच आज चुकीची निवड करायला लावते.

छापील पाटीवरचा एक चांगला जोड कसा होतो, ते जवळून पाहण्याजोगे आहे. टोक एकाच वेळी पाटीवरच्या तांब्याला आणि घटकाच्या पायाला टेकते. सोल्डरची तार टोकाला न लावता त्याच्या समोरच्या बाजूने जोडाला लावली जाते; जोड पुरेसा तापला असेल तरच ती वितळते. आधी राळ पसरते, मग तिच्या मागोमाग सोल्डर पायाभोवती फिरून क्षणात सपाट होते. तार आधी काढायची, आयर्न नंतर, आणि गोठेपर्यंत काही हलू द्यायचे नाही. सगळे दोन-तीन सेकंदांत आटोपते. निवालेला जोड पायाच्या बाजूला उंच आणि कडेला पातळ होत गेलेला, आत वळलेल्या उताराचा दिसतो. फुगीर गोळा दिसला तर सोल्डर नुसते वर बसले आहे, धरलेले नाही. असा जोड काही दिवस चालतो, मग पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते आणि रेडिओ चापट मारल्यावर बोलू लागतो. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, आणि टीव्हीच्या काळात त्यांच्या टेबलावर आलेल्या तक्रारींत या दोषाचा वाटा मोठा होता. कारण बहुधा एकच असे : टोक दिसायला गरम, पण टेकल्यावर गार पडणारे.

साध्या तांब्याच्या टोकाची आणखी एक अडचण होती. वितळलेले कथील तांबे विरघळवते. सकाळी कानशीने घासून सरळ केलेले टोक संध्याकाळपर्यंत खड्ड्याखड्ड्यांचे होई, आणि कानस हे सोल्डरच्या टेबलावरचे नेहमीचे हत्यार बनले. यावर पहिला उपाय सोल्डरमध्येच थोडे तांबे आधीपासून मिसळण्याचा होता, म्हणजे त्याची भूक भागलेली असे. दुसरा आणि टिकाऊ उपाय टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा देण्याचा. लोखंड कथिलात फार हळू विरघळते, त्यामुळे टोक महिनोन्महिने आकार टिकवते. मात्र मुलाम्याचे टोक कानशीने घासले की मुलामा जातो आणि आतले तांबे काही दिवसांत पोखरले जाते. जुन्या हातांना ही सवय मोडणे जड गेले. नवे टोक ‘नीट करून’ वाया घालवण्याचा प्रकार आजही थांबलेला नाही.

कारखान्यांत दरम्यान हाताचे काम कमी होत होते. इंग्लंडमध्ये फ्राइज मेटल्सने १९५६ साली वेव्ह सोल्डरिंग आणले होते. वितळलेल्या सोल्डरच्या कढईत पंपाने लाट उठवायची आणि तिच्या माथ्यावरून पाटी सरकवायची, की शेकडो जोड एका फेरीत होतात. हाताचे आयर्न ओळीच्या शेवटी गेले, राहिलेले जोड भरायला आणि चुकलेले सुधारायला. पण छोट्या कारखान्याला लाट परवडत नव्हती, आणि या पट्ट्याचे खरे वैशिष्ट्य छोटे कारखाने हेच होते.

भोसरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक सदन या नावाच्या गाळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. असल्या गाळ्यांत चार-सहा माणसांचे उद्योग चालत. टायमर, तापमान-नियंत्रक, पॅनेलवरचे मीटर, चार्जर, मोठ्या कारखान्यांच्या यंत्रांसाठी कंट्रोल कार्ड, असा त्यांचा माल. टेल्को-बजाजच्या पुरवठादारांची आणि त्या पुरवठादारांच्या पुरवठादारांची ही साखळी होती. पिंपरी-चिंचवडची ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली, त्यात या साखळीच्या वाढीचा वाटा मोठा आहे. घटक आणायला तपकीर गल्ली गाठायची, तिथे नाही मिळाले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. टेबलावर आयर्न बहुतेक ठिकाणी सोल्ड्रॉन छापाचे, २५ वॅटचे. पदविकेच्या विद्यार्थ्याच्या पिशवीतही तेच. हलके, दुरुस्त करता येणारे, सुटे भाग गल्लीत मिळणारे. या आयर्नने महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कित्येक तुकड्यांचे हात घडवले आणि त्याचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

तरी त्याची मर्यादा मूलभूत होती. त्याला स्वतःचे तापमान कळत नाही. तारेतून वीज अखंड वाहते. स्टँडवर पडून असताना टोक ४०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर चढते, काळे पडते आणि सोल्डर धरेनासे होते. मग जाड जोडाला टेकले की ते धाडकन खाली येते आणि २५ वॅट त्याला वर खेचायला पुरत नाहीत. कामगार जास्त वेळ टेकवून धरतो आणि तेवढ्यात पाटीवरचे तांबे सुटते. गाळ्यांतल्या तंत्रज्ञांनी यावर आपापल्या युक्त्या काढल्या. काहींनी आयर्नच्या ओळीत डायोड घातला, म्हणजे विजेची अर्धी लाटच पोचते; स्टँडखाली मायक्रोस्विच बसवून आयर्न टेकवताच डायोड ओळीत यावा आणि उचलताच बाहेर पडावा, अशीही सोय केली. काहींनी पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर लावला. या युक्त्यांनी टोके टिकली. पण त्या पुरवठा कमी-जास्त करत होत्या, टोकाचे तापमान कोणी मोजत नव्हते.

सीमॉस जातीच्या आयसी आल्या आणि नवी भानगड उभी राहिली. त्यांच्या आतला वीजरोधक थर इतका पातळ असतो की अंगावरच्या कोरड्या कपड्यांची स्थिर वीजसुद्धा त्याला भोक पाडते. त्यात दोन पिनांचे आयर्न, किंवा तीन पिनांचे असूनही अर्थ न पोचणारा सॉकेट. २३० व्होल्टच्या तारेतून टोकावर झिरपणारा किंचित प्रवाह हाताला जाणवतही नाही, पण आयसी जाते, किंवा अर्धमेली होऊन ग्राहकाकडे पोचल्यावर बंद पडते. म्हणून टोकाला अर्थ, टेबलावर स्थिर वीज वाहून नेणारी चटई आणि मनगटाला दहा लाख ओहमच्या रोधातून अर्थशी जोडलेला पट्टा, ही त्रयी हळूहळू गाळ्यांतही आली.

तापमान राखण्याचा प्रश्न अमेरिकेत वेलर कंपनीने १९६०च्या दशकात एका सुंदर युक्तीने सोडवला. विशिष्ट तापमानाच्या वर लोहचुंबकीय धातूचा चुंबकीय गुण नाहीसा होतो. याला क्यूरी बिंदू म्हणतात. टोकाच्या मागच्या बुडख्यात अशा मिश्रधातूची गोळी बसवली. टोक थंड असेतोवर गोळी एका चुंबकाला ओढून धरते आणि स्विच चालू राहतो. ठरलेले तापमान आले की ओढ संपते, स्प्रिंग चुंबकाला मागे नेते, वीज तुटते. टोकावर ७ आकडा असेल तर ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७० अंश सेल्सियस. तापमान बदलायचे तर टोक बदलायचे. शिवाय मध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने आयर्नला २४ व्होल्टच मिळत. म्हणजे जुन्या ठोकळ्याच्या साठ्याची जागा आता पाठीमागच्या शक्तीने घेतली : टोक गारठले की जास्त वॅट लगेच धावून येतात आणि तापले की थांबतात. पुढच्या पिढीत टोकाजवळ थर्मोकपल आले आणि तापमान आकड्यात लावता येऊ लागले. त्याच्याही पुढच्या पिढीत तापक, तापमापक आणि टोक एकाच काडीत बंद झाले, त्यामुळे मोजणे आणि तापवणे जोडापासून काही मिलिमीटरवर आले. ६० वॅटचे असे स्टेशन, म्हणजे आयर्न आणि त्याचे तापमान राखणारा नियंत्रक यांचा संच, नाजूक पाटीला २५ वॅटच्या साध्या आयर्नपेक्षा सुरक्षित असते. जास्त वॅट म्हणजे जास्त ताप, हा समज इथे गळून पडतो.

या हत्याराची खरी कसोटी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सने लावली. १९९५ साली मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात मोटारी जुळवायला सुरुवात केली. बजाजचा चाकण कारखाना १९९९ साली आला, फोक्सवॅगनचा ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला आणि त्याच सुमारास मर्सिडीजही चाकणला गेली. एकेकाळी शाहिस्तेखानाला संग्रामदुर्गापुढे फिरंगोजी नरसाळ्याने अडवून धरले म्हणून ठाऊक असलेले गाव वाहनांच्या सुट्या भागांचे केंद्र झाले. वाहन सतत थरथरते, आणि थरथरणाऱ्या तारेला सोल्डर मानवत नाही. बहुपदरी तारेला डाग दिला की सोल्डर पदरांमधून इन्सुलेशनखाली शिरते, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच तार तुटते. म्हणून वायरिंग हार्नेसमध्ये टर्मिनल तारेवर दाबून बसवण्याची क्रिंपिंग पद्धत रूढ झाली आणि त्या जागेवरून सोल्डर जवळजवळ हद्दपार झाले. पाटीवर मात्र त्याला पर्याय नव्हता. मोटारसायकलींना एबीएस आले, १ एप्रिल २०२०पासून धुराबाबतची बीएस-६ मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरची जागा सेन्सर व कंट्रोलरसह फ्युएल इंजेक्शनने घेतली. या पाट्यांवरचे घटक तांदळाच्या दाण्याहून लहान. सोल्डरची पेस्ट जाळीतून छापून, यंत्राने घटक मांडून, पाटी भट्टीतून नेली जाते. हाताच्या आयर्नकडे उरले ते दुरुस्तीचे काम, पण ते फार कडक नियमांखाली : कोणते टोक, किती अंश, किती सेकंद हे लिहिलेले, आणि टोकाचे तापमान वेगळ्या थर्मामीटरने नियमित तपासलेले.

याच काळात शिशाला निरोप मिळू लागला. युरोपीय संघाने १ जुलै २००६पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन घातले. वाहनांसाठीच्या सवलती वेगळ्या होत्या. भारतात ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२पासून अमलात आले आणि त्यातली शिशासारख्या घातक पदार्थांची मर्यादा दोन वर्षांनी लागू झाली. निर्यातीचा माल करणाऱ्यांना त्याआधीच बदलावे लागले. शिसेमुक्त सोल्डर म्हणजे साधारण ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबे. ते २१७ ते २२० अंशांना वितळते, पसरायला आळशी असते आणि कथील जास्त असल्याने टोकाचा लोखंडी मुलामाही लवकर खाते. साध्या आयर्नवर भागणारे काम या सोल्डरवर भागेना, आणि स्टेशन ही चैन राहिली नाही. विजेवरच्या वाहनांनी दुसरी मर्यादा दाखवली. बजाजची विजेवरची चेतक २०१९पासून चाकणला आणि २०२२पासून आकुर्डीतही तयार होऊ लागली. अशा वाहनांच्या बॅटरीतले लिथियमचे सेल सोल्डरने नव्हे, वेल्डिंगने जोडले जातात, कारण रेंगाळणारी उष्णता सेलला आतून इजा करते. घरच्या छोट्या सेललाही हाच नियम लागू आहे.

या सगळ्या अनुभवाचा छंदाच्या टेबलावर कसा उपयोग होतो, हे पुण्यातच पाहता येते. भाऊसाहेब जोशी यांनी कोथरूडला उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तिथल्या छोट्या शहरात गाड्यांबरोबर सिग्नल आहेत, रस्त्यांवर दिवे आहेत, उड्डाणपूल आहेत. पाहणाऱ्याला गाड्या दिसतात. टेबलाखाली प्रत्येक सिग्नलच्या आणि दिव्याच्या तारा असतात आणि तारांना जोड असतात. असे शहर वर्षानुवर्षे रोज चालते ठेवणे हे जोडांच्या भरवशाचे काम आहे, आणि महाराष्ट्रात या छंदाला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी मानायला हरकत नाही.

जगभर सर्वांत रुळलेले प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिचे प्रमाणशीर माप १९ मिलिमीटरच्या थोडे वर जाते. तयार सामान वापरता यावे म्हणून भारतीय इंजिनांच्या प्रतिकृतीही बहुधा १६.५च्याच रुळावर चालवतात. पूर्वी रुळांना बारा व्होल्टपर्यंतची एकदिश वीज कमी-जास्त करून गाडीचा वेग ठरवत. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले अंकीय नियंत्रण लघुरेल्वेच्या छांदिष्टांच्या अमेरिकन संघटनेने मानक केले. तेव्हापासून अशा प्रत्येक इंजिनात रुळांतून येणाऱ्या आज्ञा वाचणारा नखाएवढा डीकोडर बसू लागला. त्यामुळे एकाच माणसाला एकाच दिवशी दोन टोकांची कामे करावी लागतात. रुळाला वीजतार जोडायची तर निकेल-सिल्व्हरचा अडीच मिलिमीटर उंचीचा सलग रूळ उष्णता दोन्ही बाजूंना पळवतो, आणि त्याखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर थोड्याशा उष्णतेनेही वाकडे होतात. डीकोडरच्या तारेतले तांबे पाव मिलिमीटर जाडीचे असते आणि शेजारचे दोन बिंदू एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. व्हॉल्व्हच्या चासीचा आणि ट्रान्झिस्टरच्या पायाचा जुना पेच इथे एकाच टेबलावर येतो.

त्याचे उत्तर दोन आयर्न घेण्यात नाही. ५० ते ७० वॅटचे, तापमान राखणारे एक स्टेशन आणि त्याची दोन-तीन टोके, हे उत्तर आहे. रुळासाठी अडीच-तीन मिलिमीटर रुंद छिन्नीसारखे टोक, तापमान ३५० ते ३७०. रुळाची बाहेरची बाजू घासून, तिला आणि तारेला आधी वेगवेगळा सोल्डरचा पातळ लेप द्यायचा, दोन्ही बाजूंना ओला कापूस किंवा उष्णता शोषणारे चिमटे लावायचे आणि मग दोन सेकंदांत जोड उरकायचा. कमी तापमानावर सावकाश काम करणे इथे घातक ठरते. स्लीपर वितळतात ते वेळेमुळे. डीकोडरसाठी एक ते दीड मिलिमीटरची छिन्नी, ३२० अंश. सुईसारखे अणकुचीदार टोक नाजूक कामाला योग्य वाटते, पण त्याच्या अणकुचीतून उष्णता पुढे पोचत नाही आणि टेकण्याची जागा जवळपास शून्य असते. नवशिक्याचे सर्वाधिक ड्राय सोल्डर याच टोकाने होतात. पिस्तुलासारखी झटपट तापणारी ट्रिगर गन तर या कामातून बादच करावी. तिच्या तांब्याच्या वळशातून प्रचंड प्रवाह जातो, तापमानावर ताबा नसतो आणि वजन हातात पेलत नाही.

विकत घेताना आकड्यांच्या पाटीपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. मुठीपासून टोकापर्यंतचे अंतर जितके कमी तितका हात स्थिर. मुठीला जाणारी तार सिलिकॉनची असावी. पीव्हीसीची तार ताठ असते, हाताला ओढते आणि टोक लागले की जळते. टोके सुटी मिळतात का आणि पाच वर्षांनी मिळतील का, हे विचारावे; स्वस्त नकली टोकांवरचा मुलामा पातळ असतो आणि त्यामुळे चांगले स्टेशनही वाया जाते. आणि मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ-पिनेपासून टोकापर्यंतचा रोध मोजावा. तो दोन-चार ओहमच्या आत हवा. घरचा सॉकेट तीन पिनांचा आहे एवढ्यावर समाधान मानू नये, त्यात अर्थ खरोखर येतो का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. दुकानात चालवून पाहता आले तर ३५० वर लावून जाड तांब्याच्या तुकड्याला टेकवावे. चांगल्या स्टेशनवर सोल्डर पहिल्या आणि पाचव्या जोडाला सारख्याच वेगाने वाहते.

छंदाला ६३-३७चे राळ भरलेले, अर्धा मिलिमीटर जाडीचे सोल्डर अजूनही सर्वांत सोयीचे. ते वापरणाऱ्याने काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, टेबलावर खाऊ नये आणि धूर तोंडावर येऊ देऊ नये. उठणारा धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो, पण त्यानेही दमा बळावतो. शिसेवाले आणि शिसेमुक्त सोल्डर एकाच टोकावर आलटून-पालटून वापरू नये. टोक पुसायला पितळी काथ्या बरा, कारण ओल्या स्पंजाने ते दर वेळी एकदम गारठते आणि मुलाम्याला सूक्ष्म चिरा पडतात. स्टेशन बंद करताना टोक पुसून कोरडे ठेवण्याची सवय चुकीची आहे. त्यावर ताज्या सोल्डरचा जाड थर राहू द्यावा, म्हणजे हवा लोखंडापर्यंत पोचत नाही आणि पुढच्या वेळी टोक पहिल्याच क्षणी सोल्डर धरते.